मोज्यातली काडतुसं



माझा जन्म मास्तरकीत गेला. त्यामुळे व्याख्यानालाही मी वर्गातूनच सुरुवात करणार. पावसाळा लागला की आमच्या शाळेतली फुटबॉलची पोरं गुडघाभर चिखल घेऊन यायची आणि सांगायची, ‘सर, आम्ही सुब्रतो खेळायला निघालो.’ सुब्रतो म्हणजे शालेय फुटबॉलची देशपातळीवरची स्पर्धा. तालुका, जिल्हा, विभाग असं करत शेवटी दिल्ली. एकदा मी विचारलं, ‘अरे, सुब्रतो कोण?’ एकानं छातीठोक सांगितलं, ‘बंगालचा सेंटर फॉरवर्ड.’

वर्ग हसला, मीही हसलो. मग स्टाफरूममध्ये येऊन मी तोच प्रश्न सहकाऱ्यांना विचारला, तर तिथे उत्तरच आलं नाही. मला स्वतःलाही ‘हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख’ यापलीकडे काही सांगता येईना. लाजही वाटली, कारण हे नाव आपल्या जिल्ह्याला परकं नाही. १९६२ आणि १९६७ या दोन्ही निवडणुकांत रत्नागिरी मतदारसंघानं लोकसभेवर ज्यांना पाठवलं, त्या शारदा मुखर्जी याच सुब्रतोंच्या पत्नी. शेजारच्या राजापुरातून तेव्हा नाथ पै निवडून जात. नाथ लोकांच्या तोंडी राहिले. शारदाबाईंचं नाव मात्र आता जुन्या काँग्रेसवाल्यांनाच आठवतं. त्या माहेरच्या पंडित, मराठी कुटुंबातल्या. राजतरंगिणीचा इंग्रजी अनुवाद करणारे आणि विजयालक्ष्मींचे पती असलेले रणजित पंडित हे त्यांचे काका.

नातीगोती सांगतोच आहे तर आणखी एक सांगतो. सुब्रतोंच्या आईची आई, सरला राय. या बाईंनी १९२० साली कलकत्त्यात मुलींसाठी शाळा काढली आणि तिला नाव दिलं गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. गोखले आपले, कोतळूकचे. म्हणजे रत्नागिरीच्या मुलाच्या नावाची शाळा कलकत्त्यात, आणि ती काढणाऱ्या आजीच्या नातसुनेला मतं रत्नागिरीत.

सुब्रतोंचा जन्म ५ मार्च १९११ चा, कलकत्त्यातला. वडील सतीशचंद्र आयसीएस. आजोबा प्रसन्नकुमार राय हे प्रेसिडेन्सी कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य. थोरली बहीण रेणुका राय पुढे संविधान सभेत बसली. घर ब्राह्मो, सुधारकी, पुस्तकांचं. अशा घरातला मुलगा कलेक्टर होतो, बॅरिस्टर होतो, फार तर प्रोफेसर होतो. हा विमान चालवायला निघाला.

निघाला खरा, पण दार उघडं होतं म्हणून. ते दार उघडायला वेळ लागला होता. लष्करात हिंदी अधिकारी किती आणि कसे घ्यायचे यासाठी सरकारनं १९२५ साली स्कीन समिती नेमली. मोतीलाल नेहरू आणि जीना या समितीत होते. क्रॅनवेलच्या वैमानिक कॉलेजात हिंदी मुलं घ्या, अशी शिफारस तिथून पुढे आली. पहिले सहा जण क्रॅनवेलला दाखल झाले ते १९३० साली. साल लक्षात घ्या. तिकडे दांडीला गांधीजी मीठ उचलतात आणि त्याच वर्षी हे सहा तरुण इंग्लंडात राजाच्या विमानदलाचे धडे घ्यायला जातात. त्यांना देशद्रोही म्हणायला माझी जीभ रेटत नाही आणि देशभक्त म्हणून टाळ्या घेणंही सोपं नाही. पुढे जो देश होणार होता, त्याला वैमानिक लागणार होते. ते त्या सहांना तेव्हा कळत होतं की नाही, हा प्रश्न मी सोडून देतो.

सहांपैकी एकाचे पाय आखूड पडले, तो वैमानिक न होता साहित्यसामग्रीच्या शाखेत गेला. उरले पाच. हरीशचंद्र सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपेंद्रसिंग, ऐझाद अवान आणि अमरजितसिंग. ८ ऑक्टोबर १९३२ ला हिंदी हवाई दल कागदावर जन्माला आलं. हवाई दल दिन आपण आजही ८ ऑक्टोबरलाच साजरा करतो. प्रत्यक्षात पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं १ एप्रिल १९३३ ला, कराचीजवळ ड्रिग रोडला. स्क्वाड्रन हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांसमोर रांगाच्या रांगा येतात. इथे होती चार विमानं, पाच वैमानिक आणि एकोणीस हवाई शिपाई. वर प्रमुख म्हणून बाउचर नावाचा इंग्रज अधिकारी.

विमान होतं वापिती. दोन मजली पंखांचं, उघड्या खोपीचं, पुढे वैमानिक आणि मागे मशीनगनवाला. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे सुटे भाग गोदामात पडून होते. ते वाया जाऊ नयेत म्हणून या विमानाची रचना त्या भागांभोवती केलेली. घरात उरलेल्या कापडातून धाकट्याचा सदरा शिवावा, तसं. पण दणकट होतं. इंग्लंडात जुनं झालेलं हिंदुस्थानात चालतं, हा साम्राज्याचा नियम विमानांनाही लागू होता.

त्या एकोणीस शिपायांची आठवण ठेवा, कारण त्या पहिल्या फळीतल्या एकाचं नाव शेवटी परत येणार आहे. हरजिंदरसिंग. लाहोरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेला हा तरुण, अधिकाऱ्याची वाट बंद म्हणून, साधा हवाई शिपाई होऊन भरती झाला. अभियंता आणि हातात पाना, अंगावर शिपायाचा गणवेश! आपल्याकडे पदवी मिळाली की पहिल्यांदा हातातलं हत्यार सुटतं. हा माणूस उलट्या दिशेनं चालला.

ते दल किती नाजूक होतं पाहा. पाच वैमानिकांपैकी भूपेंद्रसिंग आणि अमरजितसिंग अपघातात गेले. सरकार यांना एका भीषण अपघातानंतर दल सोडावं लागलं. उरले दोघे, मुखर्जी आणि अवान. हिंदी माणसाला विमान झेपणार नाही, असं म्हणणारे साहेब त्या काळी कमी नव्हते. दोनाचा आकडा त्यांच्या तोंडी आयताच पडला. मुखर्जींच्या कारकिर्दीकडे मी या जागेवरून पाहतो. ‘पहिला’, ‘पहिला’ म्हणून आपण त्यांना हार घालतो. मला वाटतं, हा माणूस पहिला होता त्यापेक्षा टिकून राहिलेला होता, आणि टिकणं हीच त्या दिवसांत मोठी कामगिरी होती.

आता वायव्य सरहद्द. उत्तर वझिरिस्तानातल्या मिरानशाहला या विमानांचा तळ पडला. इपीचा फकीर आणि त्याच्यामागे उठलेल्या टोळ्या यांच्याविरुद्ध इंग्रजी फौजेची मोहीम चालू होती, आणि विमानांचं काम तिला मदत करणं. वरून डोंगर पाहायचे, टोळीवाले कुठे दडलेत ते सांगायचं, प्रसंगी बॉम्ब टाकायचे. गावावर बॉम्ब टाकण्याआधी पत्रकं टाकून इशारा देत. हीही साम्राज्याची एक सभ्यता. वैमानिकाच्या खिशात एक चिठ्ठी असे. या माणसाला जिवंत परत आणून द्याल तर इतकी रक्कम मिळेल, अशी. खाली पडलो तर आपली किंमत किती, ते खिशात घेऊन उडायचं.

याच भागातली ती गोष्ट, जिच्यामुळे मी या व्याख्यानाला हे नाव दिलं. एका डोंगरी ठाण्यावर फौजेची तुकडी टोळीवाल्यांच्या वेढ्यात सापडली. काडतुसं संपत आली. मुखर्जींचं विमान वर घिरट्या घालत होतं. त्या काळी विमान आणि जमीन यांच्यात बोलणं होई ते जमिनीवर पसरलेल्या कापडी पट्ट्यांच्या खुणांनी. चिठ्ठी वर पाठवायची तर दोन काठ्यांमध्ये दोरी बांधत, तिला पिशवी अडकवत, आणि विमान खाली झेप घेऊन आकड्यानं ती उचलून नेई. खालच्यांना काय हवं ते वर कळलं. काडतुसं हवीत. पण पुन्हा तळावर जाऊन, पेट्या भरून येईपर्यंत खाली कोण उरणार?

मागच्या आसनावर मशीनगन घेऊन बसला होता हवाई शिपाई कर्तारसिंग. त्याची लुईस गन आणि खालच्या शिपायांच्या रायफली एकाच काडतुसावर चालत, थ्री-नॉट-थ्री. मग दोघांनी काय केलं? मशीनगनच्या ड्रममधून एकेक काडतूस काढलं. गणवेशाचे लांब मोजे पायातून उतरवले, त्यांत ती काडतुसं भरली, आणि विमान खाली आणून मोजे तुकडीच्या अंगणात टाकले. तुकडी तगली. मुखर्जींच्या नावाचा युद्धवृत्तात उल्लेख झाला.

ही गोष्ट सांगताना गंमत म्हणून सांगतात. मला तिच्यात गंमत दिसत नाही. आपली मशीनगन रिकामी केली की ते विमान त्या डोंगरात निःशस्त्र झालं. खाली अचूक नेमबाज पठाण, आणि हे मोजे टाकायला त्यांच्याच गोळीच्या टप्प्यात उतरणार. आणखी एक. विमान हे लढायचं साधन खरंच, पण गरजेची वस्तू गरजेच्या जागी वेळेत पोचवण्याचंही साधन आहे, ही बुद्धी त्या क्षणी सुचली. पुढे काही वर्षांनी श्रीनगरला, पूंछला, लेहला आपल्या हवाई दलानं जे केलं, त्याचं बीज मला त्या मोज्यात दिसतं. इतिहासाचे कडक अभ्यासक म्हणतील, हे तुमचं जरा जास्त होतंय. होऊ दे.

आणि वेढ्याच्या दुसऱ्या बाजूला कोण होतं, हेही विसरता येत नाही. स्वतःच्या डोंगरात परकी सत्ता नको म्हणणारे लोक. मुखर्जींनी वाचवलेले शिपाई हिंदी होते, आणि त्यांना तिथे धाडणारं सरकार इंग्रजांचं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या धरून चालावं लागतं.

१९३९ च्या मार्चमध्ये मुखर्जी पहिल्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. स्क्वाड्रनचा पहिला हिंदी प्रमुख. त्यांच्या हाताखालून तेव्हा जे गेले त्यांत अर्जनसिंग होते, के. के. मजुमदार होते. १९४१ साली या स्क्वाड्रनला मुंबईच्या युद्धनिधीतून लायसँडर विमानं मिळाली. आपल्या मुंबईकरांच्या वर्गणीची ती विमानं घेऊन १९४२ साली मजुमदार ब्रह्मदेशात गेले आणि नाव कमावून आले. मुखर्जी तिथे नव्हते. त्यांच्या वाट्याला स्टाफ कॉलेज आलं, मुख्यालयातल्या खुर्च्या आल्या, आणि १९४३ मध्ये कोहाटच्या विमानतळाची जबाबदारी. असा तळ सांभाळणारे तेही पहिलेच हिंदी अधिकारी. छातीवर शौर्यपदकं मजुमदार, मेहरसिंग, अर्जनसिंग यांच्या. मुखर्जींच्या वाट्याला ओबीई, म्हणजे कारभारी माणसाला देतात ते.

मराठी वाचकाला अशा कारकिर्दीचं चरित्र वाचवत नाही, हे मला माहीत आहे. आपल्याला पावनखिंड लागते. पण गडावर धान्य किती, दारू कोरडी आहे का, पागेतल्या घोड्यांना नाल ठोकलेत का, हे पाहणारा कोणीतरी असतो म्हणून खिंड लढवता येते. अशा माणसांच्या बखरी आपल्याकडे होत नाहीत.

१९४७. फाळणीनं लष्कर कापलं, नौदल कापलं. हवाई दलाचा घाव वेगळा होता. या दलाचे मुख्य तळ इंग्रजांनी उभारले होते ते बहुतेक वायव्येकडे तोंड करून. त्यामुळे पेशावर, कोहाट, रिसालपूर, कराचीचा ड्रिग रोड, जिथे हे दल जन्मलं आणि वाढलं ती ठिकाणं एका रात्रीत परदेश झाली. पाचांतले उरलेले दुसरे, अवान, पाकिस्तानच्या हवाई दलात गेले. भारताकडे उरले एकटे मुखर्जी. वय छत्तीस. सगळ्यांत ज्येष्ठ भारतीय वैमानिक अधिकाऱ्याची नोकरी पंधरा वर्षांची.

इथे येतो तो प्रश्न, ज्यासाठी मी आज उभा आहे. लष्कराला भारतीय प्रमुख मिळाला १५ जानेवारी १९४९ ला, जनरल करिअप्पा. हवाई दलाला तो मिळायला १९५४ उजाडलं. स्वातंत्र्यानंतर सहा वर्षं आणि साडेसात महिने आपल्या हवाई दलावर एकापाठोपाठ एक तीन इंग्रज प्रमुख होते. एल्महर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन, गिब्ज. मुखर्जी त्यांचे दुय्यम. स्वाभिमानी माणसाला हे बोचतं. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा बोचलं.

मग मी हिशेब मांडला. लष्करात करिअप्पांना एकोणतीस-तीस वर्षांची नोकरी होती. हवाई दलात तेव्हा कोणालाच सतराच्या वर नाही. विमानदल चालवायला वैमानिक पुरेसे नाहीत. इंजिनाचे जाणते, रडारचे जाणते, सुट्या भागांचे कारकून, प्रशिक्षणाच्या शाळा, दुरुस्तीचे तळ हे सगळं लागतं, आणि ते घोषणेनं उगवत नाही. पाकिस्तानच्या हवाई दलाला तर १९५७ पर्यंत इंग्रज प्रमुख होते. मुखर्जींनी ती वर्षं रुसून काढली नाहीत. हवाई दल लष्कराच्या आश्रयाखाली न राहता स्वतंत्र राहिलं पाहिजे यासाठी एल्महर्स्ट यांनी आग्रह धरला होता, त्याचा फायदा पुढे भारतीय प्रमुखालाच झाला. कानपूरला महायुद्धानंतर मोडून टाकलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमानं भंगारात पडली होती. ती पुन्हा उडवायला काढली आणि बंगलोरला नेऊन नीट केली ती याच वर्षांत. भंगारातली ती विमानं पुढे १९६८ पर्यंत उडत होती. काश्मीरचं युद्धही याच काळातलं. २७ ऑक्टोबर १९४७ ला डाकोटांनी श्रीनगरला फौज उतरवली, मेहरसिंग पूंछला आणि लेहला विमान घेऊन उतरले, आपल्या मुंबईचे हृषीकेश मुळगावकर याच युद्धात महावीरचक्र मिळवून गेले आणि पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. मुखर्जी पुन्हा मुख्यालयात, कागद आणि टेलिफोनपाशी.

मला विचाराल तर ती वर्षं थांबण्यात त्यांच्या कारकिर्दीचं खरं वजन आहे. ताट मांडलेलं दिसत असताना अन्न शिजलेलं नाही म्हणून पाटावर न बसणारा माणूस आपल्या सार्वजनिक जीवनात किती वेळा दिसतो?

१ एप्रिल १९५४ ला ते प्रमुख झाले. तारीख पाहा. ड्रिग रोडच्या चार वापितींना त्या दिवशी बरोबर एकवीस वर्षं झाली होती. मुखर्जी त्रेचाळीस वर्षांचे. पदाला तेव्हा ‘कमांडर-इन-चीफ’ म्हणत, पुढच्या वर्षी ते ‘चीफ ऑफ एअर स्टाफ’ झालं.

प्रमुखपदाची साडेसहा वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण ती खरेदीची वर्षं आहेत आणि खरेदीच्या याद्या भाषणात कंटाळवाण्या होतात. फ्रेंच तुफानी नुकतंच आलं होतं. मग फ्रान्सचंच मिस्टेअर, इंग्लंडची हंटर, कॅनबेरा आणि चिमुकलं नॅट, अमेरिकेची पॅकेट. दल खऱ्या अर्थानं जेट युगात आलं. पण दहा दुकानांतून आणलेल्या भांड्यांची झाकणं एकमेकांना बसत नाहीत. प्रत्येक विमानाचे सुटे भाग वेगळे, पाने वेगळे, पुस्तिका वेगळ्या. हा गुंता तेव्हा सुरू झाला आणि आजही सुटलेला नाही. त्याचा दोष एकट्या मुखर्जींना देणं अन्याय होईल, पण त्यांच्या काळावर टाळ्या वाजवताना तो लपवूही नये. १० एप्रिल १९५९ ला, ईदच्या दिवशी, आपलं एक कॅनबेरा पाकिस्तानच्या हद्दीत पाडलं गेलं, आतले दोघे पॅराशूटनं उतरले आणि पकडले गेले. पुढे ते परत आले. प्रमुखाच्या आयुष्यात असेही दिवस येतात.

आणि फुटबॉल. आमच्या वर्गातलं पोर अगदीच चुकलं नव्हतं. मुखर्जी मोहन बागानचे भक्त होते. देशातल्या शाळांची फुटबॉल स्पर्धा असावी ही कल्पना त्यांची, आणि पहिली स्पर्धा दिल्लीत झाली ती १९६० साली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात एअर इंडियाच्या नव्या विमानसेवेनं ते टोकियोला गेले. ८ नोव्हेंबरला नौदलातल्या एका मित्राबरोबर जेवत असताना घास श्वासनलिकेत अडकला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. वापितीतून सरहद्दीवर उडालेला, गोळीच्या टप्प्यात उतरून परत आलेला माणूस जेवणाच्या टेबलावर गेला. वय एकोणपन्नास. दिल्लीत अंत्यसंस्काराच्या वेळी आकाशातून एकोणपन्नास विमानं गेली, वयाच्या प्रत्येक वर्षाला एक.

सव्वा वर्षानं शारदाबाई मतं मागायला रत्नागिरीच्या लाल मातीत उतरल्या. त्यांचं पुढचं आयुष्य, दोन वेळा खासदार, मग आंध्र आणि गुजरातच्या राज्यपाल, हा एका वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. कोणी तरुण अभ्यासकानं तो घ्यावा. इथल्या जुन्या मतदार याद्या आणि प्रचारपत्रकं अजून कोणाच्या माळ्यावर असली तर ती आधी गोळा करावीत, वाळवीनं खाण्याच्या आत.

हरजिंदरसिंगांची आठवण ठेवा म्हणालो होतो. पाना हातात घेतलेला तो हवाई शिपाई एव्हाना एअर व्हाइस मार्शल झाला होता. कानपूरच्या तळावर तो विमानं बांधत होता. डाकोटांच्या जागी येणार होतं एव्ह्रो, त्याची जुळणी भारतात करायची असं ठरलं होतं. १९६१ च्या १ नोव्हेंबरला, मुखर्जींच्या मृत्यूला वर्ष होत आलं असताना, कानपूरमध्ये बांधलेलं पहिलं एव्ह्रो धावपट्टीवरून उचललं गेलं. त्या विमानाचं नाव ठेवलं होतं ‘सुब्रतो’.